सराव किती झाला?

प्रश्न साधा होता. अवघा तीन शब्दांचा.

गेल्या रविवारी सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या भाच्याचा निरोप आला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो आणि त्याच्या ऑफिसातले आठजण पुण्याहून गोव्याला सायकलने जाणार आहेत. चार दिवस, सुमारे साडेचारशे किलोमीटर. कर्करोग झालेल्या लहान मुलांच्या उपचारांसाठी पैसे जमवायचे आहेत. नातेवाइकांनी दर किलोमीटरला दहा रुपये द्यावेत अशी विनंती. खाली नव्या कोऱ्या सायकलीचा फोटो. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता.

पाच मिनिटांत अंगठ्यांची, जोडलेल्या हातांची आणि वाघाच्या चित्रांची रांग लागली. "वाघ आहेस!" "मनात आणलं की काय अशक्य आहे?" "घराण्याचं नाव काढलंस!" त्या सगळ्यांच्या खाली मी लिहिलं, "सराव किती झाला?"

ग्रुप गप्प झाला. मग कोणीतरी एक हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, "बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली." दुपारी वहिनीचा फोन. "ताई, पोरगं चांगल्या कामाला निघालंय. चार शब्द शुभ बोला की. तुमचा आपला नेहमीचा नन्नाचा पाढा." पोरगं एक्केचाळीस वर्षांचं आहे, पण आईला पोरगंच असणार. त्यानं मात्र मला प्रामाणिक उत्तर दिलं. "आत्या, दोनदा खडकवासल्याला जाऊन आलोय. अजून सहा आठवडे आहेत. होऊन जाईल."

या 'होऊन जाईल'नं मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. नातेवाइकांपैकी जे हे पान वाचतात त्यांनी राग मानावा, पण पूर्ण वाचून मानावा.

आधीच सांगते, माझा सायकलीला विरोध नाही. पैसे जमवायलाही विरोध नाही. वीस वर्षं मी सायकलने शाळेत गेले, सात किलोमीटर जाणं आणि सात किलोमीटर येणं. "पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत, त्यासाठी पाय कशाला झिजवायचे?" असं विचारणाऱ्यांच्याही पंक्तीतली मी नाही. नुसतं मागितलं तर माणूस देत नाही. मागणारा स्वतः काही करतो आहे असं दिसलं की देणाऱ्याचा हात खिशात जातो. हा माणसाचा स्वभाव आहे आणि त्यात वाईट काही नाही. बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण मुलं सायकलवर आणि मणक्याच्या दुखण्यामुळे धड बसताही न येणारे बाबा गाडीत आडवे. तोच मजकूर त्यांनी पत्रकावर छापून वाटला असता तर कोणी वाचला असता? रस्त्यावर उतरलेल्या माणसाच्या शब्दाला वजन येतं. मान्य.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. हेतू चांगला असला की तयारी नसली तरी चालतं, या समजुतीशी. आणि त्याहून जास्त, ही समजूत पोसणाऱ्या आपल्या टाळ्यांशी.

आता एकेक मुद्दा घेते. सवय आहे.

पहिला मुद्दा आमच्या पिढीचा. "आमच्या वेळी कुठे होता सराव? टांग मारली की निघालो." हे वाक्य माझ्या वयाच्या निदान तिघांनी मला ऐकवलं. अहो, आपल्या वेळी सराव नव्हता असं नाही, आपल्या वेळी सरावाला सराव म्हणत नव्हते एवढंच. पुणं हे सायकलींचं गाव होतं. दूधवाला, पोस्टमन, कारकून, प्राध्यापक, कॉलेजच्या मुली, सगळे सायकलवर. ज्यांना कामावर जाऊन यायला रोज पंधरा किलोमीटर पडायचे, त्यांच्या पायांत वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर जात होते. असा माणूस एखाद्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन आला तर त्याला "सरावाशिवाय गेला" म्हणायचं का? माझा भाचा दिवसाचे दहा तास खुर्चीत बसतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याचं काम तसं आहे. पण आपल्या पायांच्या आठवणींवर त्याचे पाय चालणार नाहीत.

दुसरा मुद्दा वारीचा. हा हमखास येतोच. "वारकरी कुठे सराव करतात? विठ्ठलाचं नाव घेतात आणि चालतात." हे बोलणारे बहुतेक वेळा वारी टीव्हीवर पाहिलेले असतात. वारकऱ्यांतले पुष्कळसे शेतकरी आहेत. ते वर्षभर रानात चालतात आणि पेरण्या उरकून निघतात. शिवाय वारीची आखणी जरा नीट बघा. आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ते ज्ञानोबांची पालखी किती दिवसांत पार करते? अडीच आठवड्यांहून जास्त. पुण्यात दोन रात्री मुक्काम. मग दिवे घाटाचा तो सगळ्यात लांबचा टप्पा आणि तो झाला की सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम. लांब टप्प्याच्या आधी विसावा आणि नंतरही विसावा! ठरलेल्या जागी न्याहारी, ठरलेल्या जागी जेवण. दिंडीचं सामान ट्रकमध्ये, पाण्याचे टँकर सोबत. ही श्रद्धा तर आहेच, पण पिढ्यानपिढ्यांनी लाखो माणसांचे पाय ओळखून बसवलेलं हे वेळापत्रकही आहे. वारीकडून शिकायचंच असेल तर ते शिका. चार दिवसांत साडेचारशे किलोमीटर नेणारी वारी कोणत्याही संतानं सांगितलेली नाही.

तिसरा मुद्दा, "मन खंबीर पाहिजे, शरीर आपोआप साथ देतं." हा सगळ्यात धोक्याचा. ऐकायला गोड आणि अर्धाच खरा. सरावाला लागल्यावर दम लवकर वाढतो. तीन-चार आठवड्यांत चढावर धाप कमी लागते. स्नायूही हळूहळू तयार होतात. पण स्नायू हाडाला जोडणारे जे कंडरे असतात, ते फार सावकाश तयार होतात. त्यांना रक्तपुरवठा कमी. म्हणून तिसऱ्या आठवड्यात माणूस स्वतःला घोडा समजतो आणि पाचव्या आठवड्यात गुडघा धरून बसतो. मन खंबीर असलं तर तो थांबत नाही आणि दुखणं दुप्पट करून घेतो. म्हणजे नुसतं खंबीर मन ही इथे मदत नाही, अडचण आहे. एकदम जोर लावलेले स्नायू मोडून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो, असंही होतं. पहिल्याच दिवशी जिममधल्या सायकलवर ईर्ष्येनं तासभर पाय मारून नव्या माणसांना दवाखान्यात जावं लागल्याची उदाहरणं डॉक्टर मंडळी सांगतात. लघवी काळ्या चहासारखी दिसली तर ती बहादुरीची खूण नव्हे, तडक डॉक्टरांकडे जायचं.

आता जरा गणित. मराठीची शिक्षिका असले तरी एवढं येतं.

पहिला दिवस पुणे ते सातारा, सुमारे एकशे दहा किलोमीटर. निघाल्या निघाल्या नवले पुलापासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत चढ. पुढे शिरवळ, खंडाळा आणि खंबाटकी घाट. दुसरा दिवस सातारा ते कोल्हापूर, एकशे वीस. तिसरा दिवस निपाणी, आजरा करत आंबोली. चौथा दिवस आंबोली घाट उतरून सावंतवाडी, बांदा आणि पणजी. नवखा माणूस सामानासकट, चढ-उतार धरून तासाला पंधरा किलोमीटर जातो असं धरू. एकशे वीस किलोमीटरला आठ तास नुसते पाय मारायचे. त्यात खाणं, पाणी, पंक्चर, कोणाची तरी वाट पाहणं, आणि हो, फोटो, याचे तीन तास. झाले अकरा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरच उजेड पुरतो. तासाला पंधराचे बारा झाले की शेवटचे दोन तास अंधारात. आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. कराडपासून पुढे उसानं भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे लाल दिवासुद्धा नसतो. दमलेल्या, वाकलेल्या, अंधारात चाचपडणाऱ्या सायकलवाल्यानं तिथे मनाचा खंबीरपणा कोणाला दाखवायचा?

पुण्यात लांब पल्ल्याची सायकल चालवणारी मोठी मंडळी आहेत. 'ब्रेव्हे' म्हणून एक प्रकार असतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. त्यात पुढे-मागे दिवे आणि चमकणारं जाकीट हे नियमानंच लागतं. ही माणसं वर्षानुवर्षं चालवतात, तरी मोठ्या फेरीआधी महिनोन्‌महिने तयारी करतात. जो रोजचा गवई आहे तो मैफलीआधी रियाज करतो, आणि ज्यानं पेटी कालच विकत आणली तो म्हणतो, होऊन जाईल!

कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला यातलं काय कळतं? एवढं तावातावानं बोलायचं कारण काय? कारण आहे. ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीची मिरवणूक होऊन लोक झोपले होते आणि पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसं झोपेत गेली. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत होते, बेचाळीस वर्षांची. शाळेत मदतफेरी निघाली, गावातून कपडे-धान्य जमलं. पण मला वाटलं, आपण याहून काही करावं. दिवाळीच्या सुटीत नववीच्या चौदा मुली घेऊन मी सायकलफेरी काढली. तीन दिवस, गावोगाव जायचं, ब्लँकेटं आणि पैसे जमवायचे, जमलेलं एसटीनं तालुक्याला पाठवायचं. रोज चाळीसेक किलोमीटर. माझ्या दृष्टीनं ते काहीच नव्हतं. माझ्या! कारण माझे पाय वीस वर्षांचे तयार होते. मी चौदा मुलींचं मोजमाप माझ्या पायांनी केलं. निम्म्या मुलींच्या सायकली मागून आणलेल्या, भावाच्या नाहीतर वडिलांच्या. सीटवर बसलं तर पाय पुरत नव्हते. सरावासाठी म्हणून एकही दिवस काढला नाही. वेळ कुठे होता? तिकडे माणसं थंडीत उघड्यावर होती.

आणि निघताना मी भाषण केलं. ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणाले, "तिकडे लेकरं कुडकुडताहेत. आपले पाय दुखले तर किती दुखतील? जी मधेच थांबेल तिनं समजावं की एक ब्लँकेट कमी झालं." मुलींचे डोळे भरून आले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही, खोटं कशाला बोलू, आपण फार छान बोललो असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका उतारावर एक मुलगी पडली. साधा उतार, रस्ता मोकळा, समोर कोणी नाही. ब्रेक चांगले होते, मी नंतर स्वतः दाबून पाहिले. तिला ते दाबता आले नाहीत. दोन दिवस उंच सायकलवर पुढे झुकून सगळा भार तळहातांवर आला होता आणि तिची बोटं आदल्या संध्याकाळपासून बधिर होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर अजिबात कळत नव्हतं. हँडलवर भार पडून तळहातातली शीर दबली की असं होतं, सायकलवाल्यांना हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं. आणि तिनं मला सांगितलं नाही.

कोपर मोडलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालताना मी तिला विचारलं, "अगं, हात बधिर झाले तेव्हाच का नाही बोललीस?" ती म्हणाली, "बाई, एक ब्लँकेट कमी झालं असतं ना."

तिचा हात पुढे कधीच पूर्ण सरळ झाला नाही. आज ती सेहेचाळीस वर्षांची आहे. अजून भेटायला येते, वाकून नमस्कार करते आणि त्या हातानं माझ्या पायाला स्पर्श करते तेव्हा तो कोपरात थोडा वाकलेलाच असतो. तिनं मला एका शब्दानंही दोष दिलेला नाही. तिच्या आईवडिलांनीही दिला नाही. उलट गावात माझा सत्कार झाला. एकशे सहा ब्लँकेटं जमली होती. कोणी विचारलं नाही, की बाई, मुलींचा सराव किती झाला होता?

म्हणून मी विचारते.

आता येते मूळ मुद्द्यावर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर. सायकल चालवणारा काही एकटा दोषी नाही. त्याला आपण ढकलतो. "दर किलोमीटरला दहा रुपये" याचा अर्थ नीट लावून बघा. सातारच्या अलीकडे त्याचा गुडघा बोलायला लागला. तो थांबला तर प्रत्येक नातेवाइकाचे साडेतीन हजार रुपये आजारी मुलांना मिळायचे राहतील, असा त्याचा अर्थ. हे माझं ब्लँकेटाचं भाषणच झालं की! फक्त आता ते मोबाईलवर येतं. उपचार ज्या मुलांना हवेत त्यांचा आणि माझ्या भाच्याच्या गुडघ्याचा संबंध काय? मुलांची गरज काही किलोमीटरवर कमी-जास्त होत नाही. तेव्हा देणगी घामाला देऊ नका, कामाला द्या. आणि ती निघायच्या आधी, पूर्ण, एकरकमी द्या. म्हणजे थांबायची पाळी आली तर तो मोकळ्या मनानं थांबू शकेल.

कॅनडातल्या टेरी फॉक्सचं नाव पुष्कळांना माहीत असेल. कर्करोगानं उजवा पाय गेलेला एकवीस वर्षांचा मुलगा. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायला कृत्रिम पाय लावून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला निघाला, १९८० साली. त्याचा फोटो टाकून लोक लिहितात, "इच्छाशक्ती!" पण निघण्यापूर्वी त्यानं वर्षाहून जास्त काळ सराव केला होता, सुमारे पाच हजार किलोमीटरचा, हे कोणी लिहीत नाही. जेवढं तो पुढे प्रत्यक्ष धावला, जवळजवळ तेवढाच! आणि दुसरी गोष्ट, तो पोहोचला नाही. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजी, कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं. निम्म्याहून जास्त रस्ता झाला होता. लोकांनी काय निम्मे पैसे दिले? त्यानं मागितला होता दर कॅनडियन माणसामागे एक डॉलर, दर किलोमीटरमागे नव्हे. फेब्रुवारी १९८१ पर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर रक्कम जमली, म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येएवढी. पुढच्या जूनमध्ये तो गेला. त्याच्या नावानं अजून देशोदेशी लोक धावतात. तो थांबला म्हणून कोणी त्याला कमी लेखलं?

आणखी एक. कोणाच्या पायाला फोड आले, कोणी लंगडत पोहोचलं की आपण त्या फोटोला जास्त अंगठे देतो. जो नीट तयारी करून, हसत, वेळेत पोहोचतो त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. वर्गात असंच व्हायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलाचं कौतुक आणि वर्षभर रोज तासभर बसणाऱ्या मुलीला "तिला काय, येतंच." त्रास म्हणजे त्याग नव्हे. टाळता आला असता असा त्रास तर मुळीच नव्हे. टाळता येण्यासारखा अपघात झाला तर चांगल्या कामाचेच पैसे आणि माणसं दवाखान्यात जातात.

मग मी भाच्याला "जाऊ नकोस" म्हटलं का? नाही. सहा आठवडे कमी आहेत, पण अगदीच काही नाहीत असंही नाही. त्यानं विचारलं, "मग काय करू ते सांग." मी माझ्या ओळखीतल्या दोन जुन्या सायकलवाल्यांना आणि एका फिजिओथेरपी करणाऱ्या विद्यार्थिनीला विचारून जे सांगितलं ते इथेही लिहिते, कोणाच्या उपयोगी पडेल.

आठवड्यातून दोन दिवस तासभर आणि शनिवार-रविवार लागोपाठ दोन्ही दिवस बाहेर. लागोपाठ हे महत्त्वाचं. एका दिवशी शंभर किलोमीटर कोणीही रेटून नेतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना. दर आठवड्याला थोडंसंच वाढवायचं, एकदम दुप्पट नाही. शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं चालवायची. बोलता येईनासं झालं की वेग जास्त आहे. सीटची उंची दुकानातून आली तशी ठेवायची नाही. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. गुडघ्याची निम्मी दुखणी सीट खाली असण्यातून येतात. चढावर हलका गिअर, जोर नाही. आतून गादी असलेली सायकलची चड्डी घ्यायची आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. (माझ्या तोंडून हे ऐकून भाचा लाजला. मी म्हटलं, गाढवा, तुझी लंगोटी मी बदलली आहे.) भूक लागायची वाट न पाहता अर्ध्या-पाऊण तासानं काहीतरी खायचं, केळं, चिक्की, गूळ-दाणे. पाण्यात मीठ-साखर असू द्यायची. घाम गाळून नुसतंच पाणी ढोसत राहणंही बरं नाही, अंगातलं मीठ पातळ होतं. पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. शेवटच्या आठवड्यात सराव कमी करायचा, वाढवायचा नाही. आणि निघायच्या दिवशी नवीन काही नाही, ना बूट, ना चड्डी, ना सीट.

हात. दर दहा मिनिटांनी हँडलवरची पकड बदलायची, हातमोजे घालायचे. आंबोलीचा घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत, दोन्ही ब्रेक दाबत-सोडत जायचं, मधे दोनदा थांबून हात झटकायचे. बोटं बधिर वाटली तर उतरायचं. त्याच क्षणी. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याच्याकडून शब्द घेतला.

आणि एक अट. सोबत टेम्पो असलाच पाहिजे, आणि संध्याकाळी साडेपाचला जो जिथे असेल तिथून तो टेम्पोत बसेल. मग मुक्काम दोन किलोमीटरवर असला तरी. टेम्पोत बसणं ही नामुष्की नाही असं निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, आणि ते त्यांच्यातल्या सगळ्यात तगड्यानं सांगायचं. टेम्पोचा, मुक्कामाचा, टी-शर्टांचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, देणगीतून नाही. पावती थेट संस्थेची.

मी माझे साडेचार हजार रुपये सोमवारीच संस्थेच्या खात्यात भरले. भाच्याला लिहिलं, "साडेचारशे किलोमीटरचे पूर्ण दिले आहेत. शिरवळहून परत आलास तरी एक रुपया परत मागणार नाही." त्यावर त्याचं दोन दिवस उत्तर नव्हतं. मला वाटलं, रागावला.

काल रात्री आलं. "आत्या, शनिवारी साठ केले. रविवारी पुन्हा निघालो तर पंचवीसलाच परत फिरलो, बसवेना. आमच्यातल्या तिघांनाही तसंच झालं. आता बोलणं चाललंय की चारऐवजी सहा दिवस करायचे. दोघांना रजा मिळत नाहीये, बघू." खाली लिहिलं होतं, "सीट खाली होती. वर केली."

वहिनी, हे वाचत असाल तर सांगते, हा नन्नाचा पाढा नव्हता. तुम्ही सगळ्यांनी त्याला वाघ म्हटलंत, ठीक आहे. पण आता आणखी एक करा. ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी वाघाची चित्रं टाकली त्यांनी आपली देणगी या आठवड्यात पूर्ण भरावी आणि किलोमीटरचा हिशोब त्याच्या मानेवरून उतरवावा. आणि पुढल्या वेळी कोणाचं पोरगं असंच काही चांगलं काम करायला निघालं, तर शाबासकी द्यायच्या आधी ते तीन शब्द जरूर विचारावेत. मी विचारले नव्हते.